मोजलं की मोडतं, मग क्यूबिटमधली चूक पकडतात कशी?

ढ_विद्यार्थी
क्वांटम मेमरीबद्दल वाचतोय आणि एका जागी गाडी अडलीये. क्यूबिट (क्वांटम संगणकाचा बिट) मोजला की सुपरपोझिशन (0 आणि 1 दोन्हींचं एकत्र असणं) गेलं, त्याची कॉपीही काढता येत नाही, मग "सिमेट्रीने माहिती जपतात" म्हणजे नक्की करतात काय? जिथे बघावं तिथे दुसऱ्याच ओळीत ग्रुप थिअरी सुरू होते आणि मी टॅब बंद करतो. कोणीतरी दोन-तीन क्यूबिट घेऊन सांगा ना प्लीज.

पॅरिटीवाला
तीन घे. एकच माहिती तिघांत पसरवायची, म्हणजे a|000⟩ + b|111⟩ (|000⟩ म्हणजे तिघेही 0, |111⟩ म्हणजे तिघेही 1). a आणि b हाच तुझा ऐवज, त्यांना हात लावायचा नाही. आता मधला क्यूबिट उलटला तर a|010⟩ + b|101⟩ होतं. तू "किती आहेस?" असं विचारूच नकोस, फक्त विचार "पहिला-दुसरा सारखे का? दुसरा-तिसरा सारखे का?" दोन्ही वेळा उत्तर "नाही", आणि गंमत म्हणजे दोन्ही टर्मसाठी तेच उत्तर, त्यामुळे a आणि b बद्दल काहीच फुटलं नाही पण चोर मधला हे कळलं. हे विचारायला वेगळा मदतनीस क्यूबिट जोडतात आणि मोजतात तो.
सिमेट्री इथेच आहे: ही तपासणी शाबूत स्टेटवर लावली की स्टेट जशीच्या तशी राहते, सिमेट्री मोडली की समज गडबड झाली. डॅनियल गॉट्समन या संशोधकाने 1997 मध्ये स्टॅबिलायझर म्हणून हीच कल्पना नीट बांधली. फेजची चूक (a आणि b मधलं अधिकचं उणे होणं) मात्र या तीनमध्ये पकडली जात नाही, त्यासाठी शोरचा 1995 चा 9 क्यूबिटचा कोड (माहिती पसरवायची अशीच रीत) बघ.

ढ_विद्यार्थी
अरे वा, हे डोक्यात शिरलं. पण पूर्ण उलटला नाही, थोडासाच फिरला तर?

पॅरिटीवाला
मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. थोडं फिरणं म्हणजे "ठीक" आणि "उलटलेला" यांचं सुपरपोझिशन. तपासणी केली की बहुतेक वेळा "ठीक" येतं आणि ते फिरणंच पुसलं जातं, क्वचित "उलटला" येतं, मग पूर्ण उलटलेलाच असतो, परत उलटव. ज्या मोजण्याला आपण घाबरत होतो तेच कामाला येतं.

निवांत_फोटॉन
एक आळशी पद्धतही आहे, न तपासता. दोन क्यूबिट शेजारी ठेवले आणि भटकं चुंबकीय क्षेत्र दोघांवर सारखंच पडतंय असं धर. |01⟩ आणि |10⟩ दोघांनाही तोच फेज चिकटतो, मग a|01⟩ + b|10⟩ मध्ये आतला फरक काही बदलत नाही. नॉइजला कोण कुठला हे ओळखताच येत नाही, म्हणून माहिती वाचते. याला डिकोहिरन्स-फ्री सबस्पेस म्हणतात, झनार्दी आणि रासेत्ती, 1997. अट एकच, क्षेत्र दोघांवर सारखं हवं, जरा कमीजास्त झालं की संरक्षण गळायला लागलं.

शंकेखोर
सगळं फुकटात मिळतंय असं नका वाटू देऊ त्याला. ईस्टिन-निल यांचं 2009 चं प्रमेय सांगतं: एकेका क्यूबिटवरची चूक पकडणारा कोड असेल तर प्रत्येक क्यूबिटवर सुटं-सुटं गेट (गणिताची एक क्रिया) लावून सगळी गणितं होत नाहीत. म्हणजे बाहेरच्याला हात घालू न देणारी तिजोरी मालकालाही सहज उघडत नाही. नुसतं साठवायचं असेल तर मात्र 2024 ची गूगलची विलो ही क्वांटम चिप बघ, कोडचं अंतर (चूक न पकडता माहिती बदलायला किमान किती क्यूबिट बिघडावे लागतात ते) 3 वरून 5, मग 7 केलं तसा एरर दर टप्प्याला निम्म्याहून थोडा जास्तच घटला.

ढ_विद्यार्थी
तिजोरीचं लक्षात राहील. आता 9 वाला कागदावर करून बघतो, अडलो की इथेच येतो डोकं खायला.