पुण्याचं मैलापाणी आणि प्राणवायू संपलेलं पाणी

मुठाकाठ:
दरवर्षी जलपर्णी काढायचं टेंडर निघतं, थोडे दिवस नदी मोकळी दिसते, मग पुन्हा हिरवा गालिचा. ती पोसली जाते आपल्या मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. हेच खत भीमेतून उजनीत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं. किनाऱ्यावर अशा खताने शेवाळ माजतं, मरून तळाला बसतं आणि ते कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे पळतात, तळाचे शिंपले जागीच मरतात. शहरातल्या प्रत्येक शुद्धीकरण केंद्रात नायट्रोजन-फॉस्फरस काढणं सक्तीचं करा.

कोथरूडकर:
समुद्र ओढूनताणून आणलात. वाटेत उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं. तिथवर पुण्याचं खत उरणार किती? आणि अरबी समुद्रात १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू मुळातच नगण्य आहे, निसर्गतः.

मुठाकाठ:
ते खोल समुद्राचं झालं. मी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याबद्दल बोलतोय. आणि धरणात अडलेलं खत नाहीसं होत नाही.

भिगवणवाला:
खरंय, आमच्याकडेच साठतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार, जाळं ओढलं की हाताला चिकट थर लागतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं; म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. चिलापी तगते, बाकीचे मासे गेले. सोलापूर हेच पाणी पितं.

कोथरूडकर:
मग उसाला ओतलेल्या युरियाचं काय? ४५ किलोची गोणी तीनशेच्या आत मिळते, कोण मोजून टाकतो? अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाशी दर उन्हाळ्यात प्राणवायू संपतो, त्यात मोठा वाटा मक्याच्या शेतांचा आहे.

भिगवणवाला:
ठिबकमधून खत देणारे वाढलेत, साहेब. शेतातलं खत हजार बांधांवरून झिरपतं, तुमचं पाइपातून येतं. अडवायला सोपं कुठलं, सांगा.

मुठाकाठ:
अडवलं की फरक पडतो. सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९० च्या दशकात तिकडचा खतांचा वापर घसरला आणि काळ्या समुद्राचा वायव्य उथळ भाग सावरू लागला.

कोथरूडकर:
पटतंय, पण क्रम चुकतोय. नायट्रोजन काढायचा तर टाक्यांत जास्त हवा फुंकावी लागते, वीजबिल वाढतं. फॉस्फरससाठी तुरटी टाका, त्याचा गाळ वेगळा. इथे नाले अजून थेट नदीत सुटतात. आधी सगळा मैला केंद्रापर्यंत न्या, मग सक्तीचं बोला.

मुठाकाठ:
नवी केंद्रं बांधतानाच ती सोय करा. नंतर तोडफोड करून बसवायला जास्त खर्च येईल.