व्हूपीच्या आधी मॉम्स मेबली होती
अमेरिकन स्टँडअप कॉमेडीतल्या काळ्या बायका व्हूपी गोल्डबर्ग या अभिनेत्री-कॉमेडियनपासून सुरू झाल्या असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मॉम्स मेबली ही काळी कॉमेडियन १९३९ मध्येच न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये लोकांना हसवत होती. ढगळ झगा, चुरगळलेली टोपी, तोंडाचं बोळकं, अशी आजीबाई बनून ती स्टेजवर यायची (हे सोंग तिने म्हातारी व्हायच्या कितीतरी आधी घेतलं होतं!) आणि आजीचं कोण मनावर घेतंय, त्यामुळे म्हाताऱ्या नवऱ्यांपासून गोऱ्यांच्या वर्णद्वेषापर्यंत सगळ्यांचा बिनधास्त समाचार घ्यायची.

१९६२ ला न्यूयॉर्कचं नावाजलेलं सभागृह कार्नेगी हॉल गाजवलं, पण टीव्हीवाल्यांनी बोलावलं ते थेट तिचं वय सत्तरीला आल्यावर, याचा मला खरंच राग येतो. आणि व्हूपीनेच २०१३ मध्ये तिच्यावर डॉक्युमेंटरी केलीये, जरूर बघा.