नववीतली मुलं वाचताना अडखळतात, सुरुवात कुठून करू?

नववी_ब:
तालुक्याच्या गावात इतिहास शिकवतो. वर्गात 54 मुलं. परवा एकाला उभं करून धडा वाचायला लावला. 'राष्ट्रीयीकरण'पाशी गाडी अडली, मागच्या बाकांवर खसखस पिकली, आणि पोरगा पुढचे दोन दिवस शाळेतच आला नाही. चूक माझीच. मग एकेकाला व्हरांड्यात घेऊन ऐकलं. आठ जण तसेच निघाले. जोडाक्षर दिसलं की पहिल्या अक्षरावरून ठोकून देतात. 'प्रशासन'चं 'प्रशिक्षण' होतं. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या साधारण पाव मुलांना दुसरीचा मजकूरही सलग वाचता येत नाही, हे 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या 2023 च्या अहवालात वाचलं होतं. तेव्हा वाटलं, दुसऱ्यांच्या शाळा असतील. पस्तीस मिनिटांच्या तासात काय करू?

निवृत्त_बाई:
आधी तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून उत्तर आलं तर गाडं अक्षरांत अडलंय. ऐकूनही नाही आलं तर शब्दच ओळखीचे नाहीत. तिथे बाराखडी घोटून उपयोग नाही, गोष्टी ऐकवा, बोलतं करा. अक्षरांत अडलेल्यांना मी शनिवारी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला गोष्ट वाचून दाखवायला पाठवायचे. चिमुरड्यांपुढे फजिती नको म्हणून पठ्ठे आदल्या दिवशी तीच गोष्ट चार-चारदा वाचायचे. छोट्यांचं पुस्तक हातात धरल्याची लाजही नाही!

उतारा_पाच_गुण:
खणखणीत वाचणाऱ्यांवरही जाऊ नका. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, ते वाक्य जसंच्या तसं उचलायचं, गुण खिशात. शब्द बदलून विचारलं की वर्ग गार. मी हल्ली प्रश्न मुलांनाच काढायला लावतो.

किल्लीवाला_कारकून:
पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, पुस्तकं बाहेर, फोटो, परत कुलूप. एरवी कुणी मागतच नाही. शनिवारच्या गोष्टींसाठी 'किशोर'चे जुने अंक बघा, आमच्याकडे गठ्ठा पडून आहे.

नववी_ब:
बाई, ऐकवून पाहिलं. आठपैकी सहा जणांनी पटापट उत्तरं दिली, त्यात तो दांडी मारलेलाही. दोघं ऐकूनही गप्प. त्यांच्यासाठी मधली सुट्टी राखलीय. पलीकडच्या शाळेच्या गुरुजींनी शनिवारचा होकार दिलाय, फक्त म्हणाले, गोष्ट आखूड आणा. आमच्या कपाटातही 'किशोर' सापडले. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये होती.