उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबा आणि नातू: बोलिंग ॲलीचा पर्याय कितपत योग्य?

चँडलरनिवासी (प्रश्न):

आम्ही ॲरिझोनामध्ये फीनिक्सजवळच्या चँडलर येथे राहतो. मुलाची शाळा मेच्या अखेरीस संपली असून ती आता जुलै सरताना उघडेल. त्याच्या सोबतीला माझे वडील नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. मुलगा 8 वर्षांचा आहे आणि वडील 69 वर्षांचे. माझे काम घरून चालते, त्यामुळे दोघांना कोठेतरी पोहोचवून परत आणणे मला जमते, परंतु दिवसभर त्यांच्याबरोबर थांबणे जमत नाही.

येथील उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना आमची अडचण वेगळी सांगायला नको. 2023 साली 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस फीनिक्सचे कमाल तापमान 110 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 43 अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक राहिले होते, आणि त्यातल्या सलग 16 दिवसांत पारा रात्रीसुद्धा 90 अंशांखाली उतरला नव्हता. बाबा म्हणतात की नाशिकला दुपारी दारे-खिडक्या लावून बसावे लागले तरी संध्याकाळी गच्चीवर वारा मिळतो. येथे रात्री आठ वाजताही पायाखालचा रस्ता धगधगत असतो. परिणामी नातू एका खोलीत टॅब घेऊन बसतो आणि आजोबा दुसऱ्या खोलीत मोबाइल घेऊन. इतक्या लांबून आलेल्या माणसाचे दिवस असे जावेत याचे मला मनापासून वाईट वाटते.

घरापासून दहा मिनिटांवर एक बोलिंग ॲली आहे, म्हणजे जड बॉल घरंगळवून समोरच्या दहा पिन पाडण्याच्या खेळाची बंदिस्त जागा. आठवड्यातून तीन-चार दिवस तेथे जाणे खर्चाच्या दृष्टीने परवडेल का? बाबांनी तरुणपणी पुष्कळ क्रिकेट खेळले आहे, पण बोलिंगचा बॉल त्यांनी कधी हातात धरलेला नाही आणि त्यांचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. त्यांनी खेळावे की नुसते बसून पाहावे?

मेसाकर:

ताई, उन्हाळा हाच बोलिंगसाठी सर्वांत स्वस्त काळ असतो आणि त्यामागे एक साधे कारण आहे. अमेरिकेत बोलिंगच्या लीगचा, म्हणजे नियमित साखळी स्पर्धांचा, मुख्य हंगाम साधारण सप्टेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत चालतो. त्या काळात संध्याकाळच्या लेन (बॉल घरंगळवण्याच्या लांब पट्ट्या) लीगच्या खेळाडूंनी भरलेल्या असतात. हंगाम संपला की त्याच लेन रिकाम्या पडतात, मात्र वातानुकूलन, दिवे आणि यंत्रे चालू ठेवावीच लागतात. म्हणून अनेक ॲली उन्हाळ्यात ‘किड्स बोल फ्री’ या योजनेत सहभागी होतात. संकेतस्थळावर मुलाची नोंदणी केली की त्याला दररोज दोन गेम विनामूल्य मिळतात. योजनेच्या तारखा आणि वयोमर्यादा प्रत्येक ॲली स्वतः ठरवते, त्यामुळे तुमच्या जवळची ॲली त्यात आहे का, हे आधी पाहून घ्या. बोलिंगचे खास बूट भाड्याने घ्यावे लागतात आणि ते पैसे योजनेत धरलेले नसतात. मोठ्या माणसांसाठी वेगळा फॅमिली पास विकत मिळतो. तुम्ही आठवड्यातून तीन-चार दिवस जाणार असाल तर तो घेणेच शहाणपणाचे ठरेल. आम्ही दोन उन्हाळे नियमित गेलो, तेव्हा बुटांच्या भाड्यावरच सर्वाधिक खर्च झाला. दुसऱ्या वर्षी मी मुलीला स्वतःचे साधे बूट घेऊन दिले आणि ते पैसे महिन्याभरातच वसूल झाले.

आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, ॲली उघडताच जावे. दुपारनंतर समर कॅम्पची मुले बसगाड्यांनी येतात आणि मग दोन गेमना दोन तास लागतात. वडिलांसाठी एक पातळ स्वेटर अवश्य द्या. बाहेर 43 अंश आणि आत 22-23 अंश हा फरक आपल्याला सुखावतो, पण खेळून घाम आलेल्या वयस्कर माणसाला तो थोड्याच वेळात बाधू लागतो.

आणखी एक गोष्ट मला अगदी आग्रहाने सांगायची आहे. गुण पडद्यावर आपोआप मांडले जातात, तरीही आजोबांनी आणि नातवाने ते कागदावर स्वतः मांडावेत. पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिन पडल्या तर तो स्ट्राइक, आणि त्या फ्रेमच्या, म्हणजे दोन बॉलच्या पाळीच्या, दहा गुणांत पुढच्या दोन बॉलचे गुण मिळवायचे असतात. दोन बॉल मिळून दहा पडल्या तर तो स्पेअर, आणि त्यात पुढच्या एकाच बॉलचे गुण मिळतात. समजा, पहिल्या फ्रेममध्ये स्ट्राइक मिळाला आणि दुसरीत 7 व 2 पिन पडल्या, तर पहिल्या फ्रेमअखेर 19 आणि दुसरीअखेर 28 गुण होतात. माझ्या मुलीची तोंडी बेरीज जेवढी या कागदांवर पक्की झाली, तेवढी गृहपाठाने झाली नव्हती. ते कागद आम्ही अजून जपून ठेवले आहेत.

पुन्हा नाशिक:

मी स्वतः 71 वर्षांचा आहे आणि मुलीकडे डॅलसजवळ दोन उन्हाळे राहून नुकताच नाशिकला परतलो आहे, त्यामुळे आपल्या वडिलांच्या बाजूने लिहितो. त्यांना नुसते बसवून ठेवू नका. पाहत बसलेला आजोबा अर्ध्या तासात कंटाळतो. खेळणारा आजोबा नातवाचा प्रतिस्पर्धी होतो, आणि या नात्याची गोडी मी अनुभवली आहे.

क्रिकेट खेळलेल्या माणसाला अंतराचा अंदाज लवकर येतो. खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे 66 फुटांची असते, तर फाऊल लाइनपासून (बॉल सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून) पुढच्या पिनपर्यंतचे अंतर 60 फूट असते. फरक आहे तो वजनाचा. क्रिकेटचा चेंडू 160 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि बोलिंगचा बॉल 16 पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वासात किलोपर्यंत असू शकतो. वडिलांनी 8 किंवा 9 पौंडांचा बॉल निवडावा आणि जोर लावण्याचा विचार सोडून द्यावा. बॉल फेकायचा नसतो, सोडायचा असतो. हात लोलकासारखा मागे जाऊन आपल्या वजनाने पुढे आला की बॉल लेनवर अलगद ठेवल्यासारखा घरंगळत जातो. हे कळेपर्यंत माझा खांदा चार दिवस दुखत होता, हे कळल्यानंतर दुखला नाही.

गुडघ्यासाठी मी धावण्याची पावलेच काढून टाकली. फाऊल लाइनच्या अलीकडे एक पाऊल पुढे टाकून उभे राहायचे आणि जागेवरूनच बॉल सोडायचा. याला कोणी हरकत घेत नाही. नजर पिनांवर ठेवू नये. लेनवर सुमारे 15 फुटांवर सात बाण आखलेले असतात, त्यातल्या उजवीकडून दुसऱ्या बाणावर नजर ठेवावी. दूरच्या लक्ष्यापेक्षा जवळची खूण साधणे म्हाताऱ्या डोळ्यांना सोपे जाते.

आता सर्वांत महत्त्वाची काळजी. फाऊल लाइनच्या पलीकडे पाऊल कधीही पडू देऊ नका. लेनच्या पहिल्या साधारण 40 फुटांवर यंत्राने तेलाचा थर दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दुसरे म्हणजे भाड्याच्या बुटांचा तळ घसरण्यासाठीच गुळगुळीत केलेला असतो. तो ओला झाला की उलट एकदम चिकटतो आणि माणूस तोंडघशी पडतो. प्रसाधनगृहात जाताना बूट बदलावेत आणि पाण्याची बाटली खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. माझ्या शेजारच्या लेनवर एक गृहस्थ असेच पडले होते, आणि ते माझ्याहून वीस वर्षांनी तरुण होते.

ट्यूसॉनची आई:

वरील दोन्ही उत्तरे पटली, फक्त रोज दोन गेमचा नियम लहान मुलासाठी पाळू नये, असे मला वाटते. आमच्या मुलाने पहिल्या आठवड्यात सलग पाच दिवस खेळून अंगठ्याची कातडी सोलून घेतली. बॉल धरण्यासाठी त्यात जी भोके असतात, त्यांत अंगठा घट्ट बसत असेल तर बॉल बदलावा. दिवसाआड जाणे पुरे आहे.

बंपरबद्दलही थोडे सांगते. गटारीत, म्हणजे लेनलगतच्या खोलगट पन्हळीत, बॉल जाऊ नये म्हणून लेनच्या कडेला हे कठडे वर करता येतात, आणि लेन साडेतीन फुटांचीच असल्याने लहान मुलांना त्यांचा मोह होतो. आठ वर्षांच्या मुलासाठी ते पहिल्या दोन आठवड्यांनंतर बंद करावेत. आमचा मुलगा तेव्हा रडला होता, पण महिन्याभराने त्याने कठड्याशिवाय पहिला स्पेअर घेतला तेव्हा अख्ख्या लेनला ऐकू जाईल असा ओरडला. कठडे वर असताना मिळालेले गुण त्याचे त्यालाच खरे वाटत नव्हते.

चँडलरनिवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या जवळची ॲली त्या योजनेत आहे. मंगळवारी सकाळी दोघांना नेले. बाबांनी तुम्ही सांगितल्याप्रमाणे जागेवरून खेळून 61 गुण केले आणि मुलाने बंपरसह 74. परतताना गाडीत दोघेही त्या तेरा गुणांवरच बोलत होते, आणि बाबांनी घरी आल्यावर वही आखायला घेतली. एक शंका राहिली: बाबांना जुना बॉल विकत घ्यायचा आहे. तो गाडीच्या डिकीतच ठेवला तर चालेल का?

मेसाकर:

डिकीत मुळीच ठेवू नका. येथे उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॉलचे वरचे आवरण तापते, त्यात मुरलेले तेल बाहेर येते, आणि तापलेला बॉल एकदम थंड जागी आणला तर त्याला तडाही जाऊ शकतो. घरात सावलीला ठेवा आणि निघताना बरोबर न्या. आणि विकत घेण्यापूर्वी ॲलीतल्या प्रो शॉपमध्ये (बोलिंगच्या साहित्याच्या दुकानात) वडिलांच्या बोटांचे माप घ्यायला सांगा. दुसऱ्याच्या हातासाठी पाडलेली भोके बुजवून नवी पाडता येतात.