सिंधू, सिंधु-सरस्वती की हडप्पा?

मधुरा : प्रदर्शनाच्या फलकांचा अनुवाद करताना मी ‘सिंधू संस्कृती’ असे लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘सिंधु-सरस्वती सभ्यता’ केले. मराठीत सभ्यता म्हणजे वागण्यातले सौजन्य. ती नगररचनेला आणि सांडपाण्याच्या गटारांना कशी लावायची?

जुना वाचक : सभ्यता ही हिंदीची उसनवारी आहे, ‘नागर संस्कृती’ म्हणावे. शिवाय एकत्र लिहायचे तर ‘सिंधुसंस्कृती’ असे, कारण समासात पूर्वपदातला उकार ऱ्हस्वच राहतो.

घग्गरकाठ : ऱ्हस्व-दीर्घ नंतर पाहू. नोकरीमुळे मी राजस्थानातल्या हनुमानगढ भागात राहिलो आहे. तिथले लोक घग्गर नदीच्या कोरड्या पात्राला ‘नाली’ म्हणतात, आणि त्याच काठच्या कालीबंगा या हडप्पाकालीन स्थळाला ते नाव पडले ते टेकाडावर विखुरलेल्या काळ्या बांगड्यांच्या तुकड्यांमुळे. बनावली आणि सीमेपलीकडचे गनवेरीवाला ही हडप्पाकालीन स्थळेही याच खोऱ्यातली, आणि घग्गर हीच जुनी सरस्वती असे अनेक जण मानतात; मग सगळे श्रेय एकट्या सिंधूला का? एनसीईआरटीच्या २०२४ च्या सहावीच्या पुस्तकातही ‘सिंधु-सरस्वती’ आले आहे.

प्रवरा : पुस्तकात आले म्हणून वाद मिटत नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातली सरस्वती पर्वतांपासून समुद्रापर्यंत वाहते. घग्गर हीच ती नदी असे मानले, तरी २०१७ च्या एका संशोधनानुसार सतलजने हे पात्र सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच, म्हणजे नगरे उभी राहण्याच्या कितीतरी आधी, सोडले होते. २०१९ च्या दुसऱ्या संशोधनात मात्र नदी साधारण ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही असल्याचे म्हटले आहे. नावात सरस्वती घातली की या वादाचा निकाल आपण परस्पर लावून मोकळे होतो. म्हणून ‘हडप्पा संस्कृती’च बरी. आपण महाराष्ट्रातल्या जोर्वे गावावरून ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतो, तेव्हा कुठे नदी शोधत बसतो?

जुना वाचक : अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातली ‘हरख्वती’ नदी विसरू नका, सकाराचा हकार झाला की सरस्वती थेट अफगाणिस्तानात पोहोचते.

घग्गरकाठ : नाव स्थलांतरितांबरोबर तिकडे गेले असेल.

प्रवरा : किंवा तिकडून इकडे आले असेल. महाराष्ट्रातल्या दायमाबादला हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातला, म्हणजे शेवटच्या टप्प्यातला, थर सापडला आहे आणि त्या गावाशेजारून प्रवरा वाहते. तुमच्या हिशेबाने आता ‘सिंधु-सरस्वती-प्रवरा’ म्हणायचे का?

जुना वाचक : म्हणा, पण ‘सिंधु’ ऱ्हस्वच ठेवा.