त्रिनिदादच्या दोन लीग: भांडण मिटलं की नुसती पाटी बदलली?

उजवा_बॅक (धागाकर्ता)

त्रिनिदाद आणि टोबॅगोची लोकसंख्या गोव्याएवढी, चौदा लाखांच्या आसपास. एवढ्याशा देशात कित्येक वर्षं फुटबॉलच्या दोन लीग शेजारी शेजारी चालल्या. एक १९९९ ची प्रो लीग: क्लबचे मालक, पगारी खेळाडू, वर सरकारी मदत. दुसरी सुपर लीग: गावोगावचे क्लब, नोकरीधंदा सांभाळून खेळणारी पोरं. प्रो लीगमध्ये तळाला गेलं तरी कोणी खाली ढकलत नव्हतं, आणि सुपर लीग जिंकली म्हणून वरचं दार आपोआप उघडत नव्हतं. कोविडमध्ये प्रो लीगचा २०१९-२० चा हंगाम अर्धवट थांबला तो थांबलाच. २०२३ पासून दोन स्तरांची एकच प्रीमियर फुटबॉल लीग आहे.

माझं मत: प्रो लीग गेली ते बरं झालं. मूठभर मालकांचं ते बंद दुकान होतं. तिकडे नापारिमा कॉलेज आणि प्रेझेंटेशन कॉलेज यांच्या शालेय सामन्याला सॅन फर्नांडो शहर लोटतं, आणि प्रो लीगला रिकाम्या खुर्च्या. लोकांना फुटबॉल नको होतं असं नाही, ही लीग त्यांना आपली वाटत नव्हती.

म्हापसेकर

साफ असहमत. २००६ चा वर्ल्डकप आठवा. त्रिनिदादनं डॉर्टमुंडमध्ये स्वीडनला ०-० रोखलं, तेव्हा लोकसंख्येनं वर्ल्डकपला पोचलेला तो सगळ्यात छोटा देश होता. इंग्लंडमध्ये खेळलेले यॉर्क, हिस्लॉप सगळ्यांना पाठ आहेत. पण ऑर्टिस व्हिटली आणि अँथनी वुल्फ त्या संघात आले ते सॅन हुआन जाब्लोतेमधून, म्हणजे तुमच्या 'बंद दुकाना'तून. वुल्फला आम्ही गोंयकारांनी प्रत्यक्ष पाहिलाय. २०१४ चा फेडरेशन कप जिंकणाऱ्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्समध्ये तो होता. नंतर त्रिनिदादचाच विलिस प्लाझा आला, २०१८-१९ च्या भारताच्या आय-लीगमध्ये २१ गोल मारून गेला.

१० ऑक्टोबर २०१७ ला त्रिनिदादमधल्या कूव्हात अमेरिकेला २-१ हरवून वर्ल्डकपबाहेर काढलं, त्या दिवशी गोलात उभा असलेला एड्रियन फोंसेट प्रो लीगच्या पोलीस एफसीचा. हे सगळे आकाशातून पडले का हो? सुपर लीगनं असा एक तरी दाखवा.

कायदेबाज

मैदानावरचं सोडा, खरी लढत खुर्चीसाठी होती. २०१५ मध्ये डब्ल्यू कनेक्शनचे मालक डेव्हिड जॉन-विल्यम्स देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. म्हणजे प्रो लीगच्या एका क्लबचा मालक सगळ्या क्लबांचा कारभारी! २०१९ मध्ये त्यांना पाडलं ते शालेय लीग सांभाळलेल्या विल्यम वॉलेस यांनी, आणि त्यांच्या गटात सुपर लीगचे प्रमुख कीथ लुक लॉय. चार महिने झाले नाहीत तोच, मार्च २०२० मध्ये फिफानं त्यांना हटवून स्वतःची समिती बसवली. प्रकरण कोर्टात गेलं, तर सप्टेंबरमध्ये देशावरच बंदी, ती नोव्हेंबरमध्ये उठली.

म्हणून उजवा_बॅक, ज्या एकीकरणावर तुम्ही खूश आहात ते २०२३ मध्ये, फिफानं नेमलेल्या समितीच्या काळात झालं. निवडून आलेला अध्यक्ष २०२४ उजाडल्यावर मिळाला. दोन भांडणाऱ्यांना बाहेर बसवून तिसऱ्यानं काढलेली लीग म्हणजे समेट नव्हे.

उजवा_बॅक

@कायदेबाज, मान्य, पण निवडून आलेल्यांनी ते कधी केलं असतं? दोघांनाही आपापली लीग म्हणजे मतांची पेटी होती.

@म्हापसेकर, खेळाडू घडले हे खरं, पण किती क्लबांच्या हाडांवर? फिफाचे उपाध्यक्ष असलेल्या जॅक वॉर्नर यांचा जो पब्लिक क्लब घ्या. २००८ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनला दोन लढती मिळून ६-१ धुतलं. २०११ मध्ये वॉर्नरना फिफा सोडावी लागली आणि पाठोपाठ क्लबही विरला. मालक गेला की क्लब गेला, याला लीग म्हणायचं?

रेफ्री_काकू

तुम्ही दोघं पगाराबद्दल बोलतच नाही आहात. प्रो लीगचा तो अर्धवट राहिलेला हंगाम कोणाच्या नावावर? डिफेन्स फोर्स. २०२३ ची पहिली प्रीमियर लीग? डिफेन्स फोर्स. लीगचं नाव बदललं, विजेता तोच. कारण हा सैन्याचा संघ, खेळाडूंचा पगार छावणीतून येतो. प्रायोजक पळो, अनुदान अडो, एक तारखेला पैसे जमा. १९७८ ला (संयुक्त) आणि १९८५ ला कॉन्काकॅफचे, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या क्लब स्पर्धेचे विजेते तेच, तेव्हा तर या दोन्ही लीग नव्हत्या. पोलिसांचा संघ आहे, तुरुंग खात्याचाही आहे. बाकी क्लब सरकारी मदतीची वाट बघणार आणि समोर गणवेशातला संघ. एक लीग करा नाहीतर चार करा, हे गणित तसंच राहतं.

म्हापसेकर

काकू, १००% सहमत. पण म्हणूनच सांगतो, 'एकच लीग' हा शब्द ऐकला की आम्हाला धडकी भरते. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) आय-लीगच्या वरची लीग करण्याचा घाट घातला होता, आमच्या क्लबांना त्यात जागा नव्हती. एकीकरणाच्या नावाखाली कोण बाहेर पडतं ते आधी विचारा.

उजवा_बॅक

अहो, हा तर माझाच मुद्दा! आयएसएल तेव्हा बंद दुकान होतं म्हणूनच गोव्याचे क्लब गेले. आय-लीग जिंकून वर जाता येतं हे पंजाब एफसीनं दाखवलं ते २०२३ मध्ये. त्रिनिदादच्या प्रो लीगनं सुपर लीगवाल्यांना तेवढंही दिलं नाही.

आणि टोबॅगो? टोबॅगो युनायटेड प्रो लीगमध्ये होता, समुद्र ओलांडून सामने खेळायचा, पुढे दिसेनासा झाला. ड्वाइट यॉर्क त्याच बेटाचा, पण अ‍ॅस्टन व्हिलाच्या ग्रॅहम टेलरनी त्याला हेरला तो १९८९ मध्ये. प्रो लीगला तेव्हा दहा वर्षं अवकाश होता.

म्हापसेकर

यॉर्क एखादाच असतो. इंग्लिश क्लब दौऱ्यावर येऊन हेरेल या भरवशावर व्हिटलीनं बसायचं होतं का? त्याला दर आठवड्याला सामना आणि महिन्याला पगार लागतो. तो नव्या लीगच्या खालच्या स्तरावर कोण देणार, एवढं सांगा.