घराबाहेरचे एखादे साधे काम चुकले की दिवस बिघडतो, असा अनुभव कुणाला आहे का?

काल माळा आवरताना बाबांची भाजीची कापडी पिशवी हाती लागली आणि ते दिवस आठवले. निवृत्तीनंतर बाबा रोज सकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत जात. घरात भाजी शिल्लक असली, तरी कोथिंबिरीच्या एका जुडीचे निमित्त त्यांना पुरत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, भाजी दारात येऊ लागली, आणि कधीही आवाज न चढवणारे बाबा पंख्याच्या वेगावरून आईशी वाद घालू लागले. आम्ही ते सारे वयावर ढकलले. पुढे मंडईची वाट मोकळी झाली आणि आठवड्याभरात पंख्याचा विषय मिटला.

टेकडीप्रेमी : कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये लिहीत आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी नेमाने चढते. उतरताना भेटणाऱ्या एका आजोबांचे नाव मला आठ वर्षांत ठाऊक झालेले नाही. आई गेल्यावर मी तीन आठवडे फिरकले नव्हते, परत गेले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आज वारा छान आहे." घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या सांत्वनापेक्षा मला त्या वाक्याने अधिक हलके वाटले.

डोंबिवलीकर : बाहेर पडले की मन प्रसन्न होते, हे सरसकट मान्य नाही. लोकलच्या दारात लटकून तीस वर्षे काढलेल्या माणसाला तसे सांगू नये! मात्र निवृत्तीनंतर पहिला दसरा आला, आमच्या गटाने डबा सजवून पूजा केल्याचे छायाचित्र फोनवर आले, आणि त्या दिवशी मला घरची श्रीखंड-पुरी गोड लागली नाही. गर्दीचा राग कायम आहे. माणसांची सवय मात्र सुटलेली नाही.

ठाण्याची वाचक : मुलाने टॅबवर शेकडो पुस्तके भरून दिली आहेत. तरीही १८९३ साली स्थापन झालेल्या आमच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पुस्तक बदलायला जाते, कारण तेथे हवे असलेले पुस्तक नेमके दुसऱ्या कुणीतरी नेलेले असते आणि त्या अज्ञात वाचकावर रुसण्यात माझा अर्धा तास छान जातो.

टेकडीप्रेमी : डोंबिवलीकर, यंदा दसऱ्याला तिकीट काढून त्याच डब्यात जावे. प्रसादाला कुणी नाही म्हणणार नाही.

डोंबिवलीकर : बायकोही हेच म्हणते. तिला मी घरात नको आहे, हे त्यामागचे खरे कारण असावे.

धागाकर्ती : पिशवी धुऊन वाळत घातली आहे. एक बंद उसवला आहे, तो शिवला की शनिवारी मंडईत जाईन.